माझा डेटा, माझ्या घरात

१ मार्च, सकाळ
ठरले. कंपनीच्या क्लाऊडशी आजपासून माझा संबंध संपला.

कारण किरकोळ वाटेल, पण इतिहास किरकोळ कारणांनीच घडतो. बँक कर्मचारी परिषदेतले माझे जुने भाषण फोनवरून चढवत होतो. (उत्तरार्ध विशेष. शेवटी हॉलचा वॉचमन रडला होता. आकांक्षा म्हणते, त्याला घरी जायचे होते.) अर्ध्यात अडकले. निरोप आला: तुमची जागा भरली आहे, अधिक जागा घ्या. जागा! लालबागच्या माणसाला जागेचा उपदेश! एका खोलीत नऊ माणसे वाढलो आम्ही. आधी गिरणीची जागा गेली, मग चाळ पाडून टॉवर झाला, आता आठवणींनाही भाडे.

परवापासून स्वतःचा क्लाऊड. परवा नको, आजपासूनच. घरात. ओपन सोर्स. ना मालक, ना भाडेकरू.

१ मार्च, संध्याकाळ
आकांक्षाला फोन केला. मुलगी माझी, दादरला असते, जाहिरात कंपनीत. तिला तळ्याचा दाखला दिला. ज्यांच्या पणजोबांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली, त्यांनी स्वतःच्या आईचे फोटो बघायला परक्याचा पासवर्ड का टाकावा? ती म्हणाली, पप्पा, नळाला पाणी येतंय तर येऊ द्या, अकराव्या मजल्यावर विहीर कशाला खणताय.

वाक्य बरे होते. माझ्याकडूनच आले असणार.

४ मार्च
लॅमिंग्टन रोड. सेकंडहँड कॉम्प्युटर आणि दोन डिस्क घेतल्या. दुकानदाराला माहितीचे राजकीय अर्थशास्त्र समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, अंकल, बिल पाहिजे का बिनबिलाचं?

देश असाच गुलाम होतो.

५ मार्च
जागेचा प्रश्न. सर्व्हरला हवेशीर, प्लगजवळची, स्थिर जागा लागते. घरात अशी एकच आहे, खिडकीखालची, जिथे माझ्या बायकोचे, कमलचे शिलाई मशीन असते. ते पॅसेजमध्ये हलवले. तिला जाऊन दोन वर्षे झाली, मशीन तसेच पडून होते. चळवळीत भावना आड येऊ देऊ नये. शिवाय वर कपडा घातला आहे.

९ मार्च
सॉफ्टवेअर उतरत नाही. मॅन्युअल वाचतो आहे. प्रस्तावना अप्रतिम. स्वातंत्र्य, समता, सहकार्य. चार वेळा वाचली, समासात खुणा केल्या. पुढची प्रकरणे तांत्रिक आहेत. ज्याला प्रस्तावना समजली त्याला तपशील आपोआप समजतो, हे मी युनियनमध्ये नेहमी सांगत असे.

१३ मार्च
केबलवाल्याकडे गेलो. म्हटले, माझ्या घरचा कॉम्प्युटर बाहेरून कुठूनही दिसला पाहिजे, पक्का पत्ता द्या. त्याने आधी दार लोटून घेतले. मग हळूच म्हणाला, भाऊ, तुमचं वय काय, हे सट्ट्याचं लफडं कशाला?

त्याला पाऊण तास समजावले. शेवटी पत्ता दिला. बहुधा मी जावे म्हणून दिला, पण विजय तो विजय.

२० मार्च
चालू झाला! फोनमधली फाइल खिडकीखालच्या डब्यात आपोआप गेली. डोळे भरून आले. नाव ठेवले: जनमेघ. पहिला मान अर्थात माझ्या भाषणांना. तीस वर्षांची भाषणे आहेत. कॅसेटवरून उतरवून घेतलेली. कॅसेट चाळ सोडताना भंगारात दिल्या.

पंख्याचा आवाज जरा मोठा आहे. समूहगान म्हणून ऐकले की गोड लागतो.

२३ मार्च
सोसायटीची मासिक सभा. विषयपत्रिकेत नसताना बोललो. पाण्याच्या टाकीचा विषय मागे पडला, पण टाकी पुढच्या महिन्यातही गळतच असणार. मागणी: सगळ्या बिऱ्हाडांनी आपापले फोटो जनमेघावर ठेवावेत. चाळ पाडली, तेव्हाचे शेवटचे फोटो, बारशी, लग्ने, जयंत्या, सगळे कंपनीच्या दावणीला बांधलेले आहे.

सेक्रेटरी शामराव उठला. आम्ही एकाच नळावर वाढलो, त्यामुळे तो मला सभेतही अरेतुरे करतो. म्हणाला, रे गौतम, घरात ढग कोण ठेवता? पावसात गळतलो मगे. सभा हसली. सभेला हसवणे सोपे असते. तिला उभे करणे अवघड. मी केले. टाळ्या पडल्या. नंतर कळले, चहा आला होता.

३० मार्च
रविवार. आकांक्षा आणि नात आरोही आल्या. मुद्द्याचे बोललो. कमलचा एक व्हिडिओ आकांक्षाकडे आहे. आजारी पडण्याच्या आदल्या वर्षीचा, ओव्या म्हणतानाचा. कमलचा आवाज जगात फक्त त्या एका ठिकाणी उरला आहे. आम्ही कधी रेकॉर्ड केले नाही, ती रोजच म्हणायची. आकांक्षा आरोहीला तीच ओवी शिकवते आहे. पहिली ओवी वहीला, दुसरी ओवी शाईला. कमलच्या आईने, माझ्या सासूने, स्वतः रचलेली. पुढे तिसरी आहे.

मी म्हटले, तो व्हिडिओ जनमेघावर आण आणि कंपनीकडून काढून टाक. ती म्हणाली, आधी बघितलात का तरी? म्हटले, वेळ झाला नाही. ती म्हणाली, दोन वर्षांत? मग म्हणाली, मम्मीचं मशीन पॅसेजमध्ये का आहे?

विषयांतर करण्याची सवय तिला आईकडून आली आहे. मीच शांतपणे सर्व्हर कसा काम करतो ते दाखवायला लागलो. आरोही म्हणाली, आजोबा, हा पंखा गरम हवा का देतो?

व्हिडिओ दिला नाही.

६ एप्रिल
पासवर्डचा प्रश्न तत्त्वाचा आहे. एकाच्या हाती किल्ली म्हणजे पुन्हा मालकशाही. म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड आणि तो लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डावर लावला. पारदर्शकता.

दुपारी शामरावने खाली पेनाने लिहिले: दूधवाल्याकसुद्धा चालात काय?

१२ एप्रिल
सुंदराबाई आल्या. चौथ्या मजल्यावरच्या, ऐंशीला टेकल्या असतील. मला अजून गौतमा म्हणतात, कारण लहानपणी त्यांनी माझे नाक पुसले आहे. फोन पुढे करून म्हणाल्या, गौतमा, माझं सगळं तुझ्या डब्यात घाल बाबा, तू कधी खोटं बोलत नाहीस. त्यांच्या फोनमध्ये चाळीच्या गॅलरीचे फोटो. वाळत घातलेले पापड. दुबईतल्या मुलाचे, हर्षवर्धनचे, निघतानाचे. सगळे चढवले.

अशा एका माणसासाठी सर्व्हर चालवावा.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी पांढरा सदरा, वंदना, मिरवणूक. संध्याकाळी दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. चाळीस मिनिटे बोललो, त्यात जनमेघ पंचवीस. मंडळाच्या सीमाताईंनी चिठ्ठी पाठवली: भाऊ, खीर थंड होतेय. वाचून खिशात ठेवली. श्रोत्यांची दाद जपून ठेवतो मी.

१९ एप्रिल
डिस्क भरली! जनमेघाला तडा. कोणी भरली? शोध घेतला. शामराव. गेल्या वर्षीच्या विसर्जनाचा ड्रोन व्हिडिओ, संपूर्ण मिरवणूक, एकही कट नाही. शिवाय त्याच्या बायकोने ‘शुभ सकाळ’चे गुलाब आणि समई, ढिगाने.

जाब विचारला. म्हणाला, जनतेचो ढग ना? मी जनताच आसंय.

काढायला सांगणे तत्त्वात बसत नाही. जागा दुसरीकडून काढली. सर्व्हरमध्ये एक कचरापेटी असते, हटवलेल्या फाइली महिनाभर धरून ठेवते. निव्वळ ऐतखाऊ खाते. बंद केले. भरपूर जागा झाली. आपल्या घरात आपण काही चुकून टाकत नाही.

२५ एप्रिल
कल्पना सुचली आणि झोप उडाली. दुपारची.

लोक माझे ऐकतात, फोटो चढवतात आणि कंपनीकडेही ठेवतात. दोन डगरींवर पाय. निम्मी गुलामी ही पूर्ण गुलामीच. १ मे, कामगार दिन. सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर सभा. सगळ्यांनी एकत्र, एका घोषणेवर, कंपनीकडचे सगळे हटवायचे. आमच्या लोकांनी अन्यायाचे ग्रंथ जाळले, परदेशी कापडाची होळी याच लालबाग-परळमध्ये झाली. ही आमच्या पिढीची होळी.

आकांक्षाला फोनवर सांगितले. ती म्हणाली, पप्पा, आधी एकदा बघून घ्या, इथे हटवलं तर तिथे काय होतं ते. म्हटले, क्रांतीची रंगीत तालीम होत नसते.

ते वाक्य भाषणात घेतले.

१ मे, दुपार
आयुष्यातले सर्वोत्तम भाषण. आत्ताच लिहितो, जेवण नंतर.

हॉल भरला होता. संप, भोंगा, पाडलेली चाळ, सगळे घेतले. मग आवाज खाली आणला. म्हणालो, तुमच्या लेकराचा पहिला फोटो कुणाच्या खिशात आहे? मग म्हणालो, उठा आणि फोन काढा. अख्खा हॉल उभा. फोन वर. मी म्हणालो, निवडा सगळे. हटवा! आणि कंपनीची कचरापेटीही रिकामी करा, परतीचा दोर कापा! सुंदराबाईंना बटण सापडेना, मी मंचावरून उतरून त्यांचा अंगठा धरून दाबला. फोटोग्राफर हवा होता.

आकांक्षा मागे दाराशी उभी होती, आरोहीला कडेवर घेऊन. तिचा फोन खाली. मी माइकवरून म्हणालो, माझी स्वतःची मुलगी मागे उभी आहे, आज आईचा आवाज कंपनीच्या तुरुंगातून सोडवायला आली आहे. सगळे वळून बघायला लागले. तिने माझ्याकडे पाहिले. मग फोन वर केला, कालच पाठवलाय जनमेघावर म्हणाली, आणि अंगठा दाबला. टाळ्यांचा कडकडाट.

ती न जेवता गेली. ऑफिसमध्ये काम असेल.

२ मे
जनमेघ रिकामा दिसतो आहे. कालच्या ताणाने त्याने विश्रांती घेतली असावी. बंद करून पुन्हा चालू केला.

३ मे
अगदी रिकामा नाही. शामरावचे विसर्जन आहे. त्याच्या बायकोचे गुलाब आहेत. बाकीचे दिसत नाही. ‘नसणे’ आणि ‘न दिसणे’ यांत फरक असतो. पुन्हा चालू केला.

४ मे
मॅन्युअलचे सातवे प्रकरण वाचले. यात स्पष्ट लिहिले आहे की फोन आणि सर्व्हर ही एकाच घराची दोन दारे. फोनमधून हटवले, मग कोणत्याही अॅपमधून, की सर्व्हरवरूनही हटते. चुकून हटले तर कचरापेटीतून परत घ्यावे.

इतकी महत्त्वाची गोष्ट सातव्या प्रकरणात ठेवणाऱ्यांना वाचक कळत नाही. प्रस्तावनेत घ्यायला हवी होती.

४ मे, संध्याकाळ
माझी भाषणेही गेली. मीही सगळ्यांबरोबर बटण दाबले होते, आघाडीवर राहून. तीस वर्षांचा आवाज. महाराष्ट्राचे नुकसान आहे, पण महाराष्ट्राला अजून कल्पना नाही.

कमलचाही.

५ मे
सुंदराबाई आल्या. गौतमा, गॅलरी दाखव. म्हटले, सर्व्हरची दुरुस्ती चालली आहे. त्या म्हणाल्या, बरं बाबा, उद्या येते.

६ मे
आल्या. दार उघडले नाही. वाचत होतो.

९ मे
दार उघडावे लागले. सांगितले. पाण्यासारखी साधी गोष्ट सांगायला मी भांडवलशाहीपासून सुरुवात केली, पण त्यांनी मध्येच थांबवले. म्हणाल्या, म्हणजे गेलं ना? म्हटले, हो. त्या म्हणाल्या, हर्षवर्धनला सांगू नको, तो मला हे सगळं जुनं आवरून टाक म्हणतच होता. मग पॅसेजमधल्या मशीनवर हात टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या, गुडघे दुखतात म्हणून. जाताना म्हणाल्या, तू बोललास मात्र फार चांगला.

दाद. जपून ठेवली नाही.

११ मे
हिशेब लावला. आणखी किती जणांचे गेले असेल? लाजेने लिफ्टऐवजी जिन्याने उतरतो आहे. माफीचे भाषण तयार केले. मसुदा चांगला उतरला आहे, मधला भाग हेलावून टाकणारा.

१२ मे
शामरावकडे गेलो. त्याला म्हटले, तुझे वाचले कसे? तो म्हणाला, मिया खंय दाबलंय? नुसतो आंगठो हलवलंय. तिसऱ्या मजल्याचे? त्यांनीही, शिवाय जनमेघावर त्यांनी कधी काही चढवलेच नव्हते. सीमाताई? त्यांनी तर अॅपच घेतले नव्हते. म्हणाला, अरे गौतम, तू इतको जीव तोडून बोलत होतस, खाली कसो बसतलो माणूस? सगळ्यांका तुझो मान राखूचो होतो.

अख्खा हॉल. फोन वर. कोणीही दाबले नव्हते.

दाबले तिघांनीच. सुंदराबाईंनी, आणि त्यांचाही अंगठा मी धरला होता. आकांक्षाने, तिलाही मी माइकवरून भाग पाडले होते. तिसरा मी.

माफीचे भाषण रद्द. माफी मागायला माणसेच नाहीत.

२५ मे
आकांक्षा रविवारी येत नाही. आजही नाही. ऑफिसचे काम फार वाढलेले दिसते. फोन करावा असे दोनदा वाटले. तिने विचारले की मम्मीचा व्हिडिओ पाठवा परत, तर? सर्व्हरची दुरुस्ती चालली आहे असे सांगेन. तिला खरे वाटणार नाही. ती सुंदराबाई नाही.

८ जून
आली. आरोहीही. मी दारातच सुरुवात केली, आकांक्षा, तंत्रज्ञानाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजाला काही किंमत... ती म्हणाली, पप्पा, मम्मीचा व्हिडिओ गेला का ते सांगा. म्हटले, गेला. माझ्यामुळे गेला. असे छोटे वाक्य मी पूर्वी बोललेलो नाही.

तिने आरोहीला आत खेळायला पाठवले. मग म्हणाली, मी दिलाच नव्हता. मी काही पाठवलं नव्हतं आणि काही हटवलं नव्हतं. तुमच्या भाषणावर मी मम्मीला डिलीट करीन असं वाटलं तरी कसं तुम्हाला? म्हटले, मग महिनाभर सांगितले का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही महिनाभर विचारलं का नाहीत?

लिंक पाठवली. उघडायला कंपनीत खाते लागते. माझे मी बंद केले होते. नवे काढले. शेवटी अटी आल्या, वर्षानुवर्षे मी सभेत फाडून दाखवतो त्या. खाली ‘मला मान्य आहे’. वर जाऊन न वाचताच दाबले.

८ जून, दुपार
बघितला. स्वयंपाकघर. फोन फळीवर टेकवला असावा. कमल पाठमोरी आहे, भाकऱ्या थापते आहे. पहिली ओवी वहीला. दुसरी ओवी शाईला. आवाज जसाच्या तसा.

तिथून पुढे बाहेरच्या खोलीतून मी. फोनवर कुणाला तरी सहकार चळवळीवर सांगतो आहे. खणखणीत. मुद्देसूद. कॅमेऱ्यात कमलचे हात हलताहेत, वरून माझा आवाज, शेवटपर्यंत. तिसरी ओवी त्याच्याखाली दबली आहे.

माझे जगात शिल्लक राहिलेले हे एकमेव भाषण. प्रथम तेच ऐकले, खोटे कशाला लिहू. आकांक्षाने फोन काढून घेतला.

तिला तिसरी ओवी हवी आहे. तिला ती नीट आठवत नाही. आरोहीला दोनच येतात. कंपनीकडे एक सोय आहे म्हणाली, दोन आवाज वेगळे करून देतात. पहिला महिना फुकट. फुकट म्हणजे आपणच माल, हे मी किती व्यासपीठांवरून सांगितले असेल. म्हटले, कर.

१५ जून
दोन आवाज वेगळे होऊन आले. एकावर अॅपने लिहिले होते ‘मुख्य आवाज’, दुसऱ्यावर ‘पार्श्वभूमी’. मुख्य मी होतो. मला यात काही चूक आहे असे लगेच वाटले नाही. आकांक्षाने मुख्य आवाज काढून टाकला.

तिघे बसून ऐकले. पहिली ओवी. दुसरी. मग मी सुरू होतो ती जागा आली. भाकरी थापल्याचा आवाज. तवा. शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. पुन्हा थापल्याचा आवाज.

आकांक्षा म्हणाली, अॅपने चुकून मम्मीचाही काढला असेल. मूळ व्हिडिओ कानाला लावून ऐकला. तीनदा. तसे नव्हते. मी बोलायला लागलो तेव्हा ती थांबली होती. पाठमोरी होती म्हणून कळले नाही. हात चालूच होते.

आरोही म्हणाली, आजोबा, तिसरी तुम्ही म्हणा ना.

एवढ्या वर्षांच्या संसारात ती ओवी रोज या घरात सुरू झाली असेल. पहिला शब्द आठवेना. घसा साफ केला. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मग मी बोलायला लागलो. लोकसाहित्याच्या जतनाबद्दल. मौखिक परंपरा, तिच्यावर बाजाराचे आक्रमण, आणि यापुढे प्रत्येक वस्तीत स्वतःचे साठवण केंद्र का हवे. चांगला बोलत होतो. आकांक्षाने खाली वाकून आरोहीला सँडल घातले. दार लागले तेव्हा दुसरा मुद्दा व्हायचा होता.

तो पूर्ण केला.